मदत हवी आहे: चित्रावरून टूलपाथ (कटरचा मार्ग) काढला, पण ५० मिमीचा बिल्ला ४६.९ येतोय

प्रश्न

काळ्या-पांढऱ्या पीएनजी चित्रावरून एमडीएफचा गोल बिल्ला कापायचा आहे. बाहेरचा व्यास ५० मिमी, मध्ये २० मिमीचं भोक, भोवती २.५ मिमी रुंदीच्या आरपार खाचा आणि ८ x ८ मिमीचं एक चौकोनी भोक. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस करून (कडांच्या रेषा काढून) एसव्हीजी, म्हणजे रेषांची फाइल घेतली आणि कॅममधून (रेषांवरून कटरचा मार्ग काढणारं सॉफ्टवेअर) जी-कोड, म्हणजे मशीनच्या आज्ञा काढल्या. सीएनसी मशीनवर ग्रबल (मशीन चालवणारं फर्मवेअर) आहे, कटर ३ मिमीचा सरळ एंडमिल.

व्हर्नियरने मोजलं तर बाहेरून ४६.९, भोक २३.१, खाचा ५.६. फाइलमध्ये मापं बरोबर आहेत. स्केल १०६.६ टक्के केला की बाहेरचं माप जुळतं, पण भोक आणखी मोठं होतं. जी४१ (मशीननेच रेषेपासून कटरच्या त्रिज्येइतकं बाजूला सरकायची आज्ञा) घालून पाहिलं, तर ग्रबल एरर २० देऊन थांबतं. काय चुकतंय?

प्रतिसाद १

भोकाचं माप दिलंत हे फार बरं केलंत, कारण नुसत्या ४६.९ वरून फसगत झाली असती. इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्त्या इंचाला ९० पिक्सेल धरायच्या, नंतरच्या ९६ धरतात. जुनी फाइल ९६ च्या हिशेबाने वाचली गेली की ५० चे ४६.८८ होतात, म्हणजे जवळपास तुमचाच आकडा! पण स्केल चुकला असता तर भोकही लहान होऊन १८.७५ आलं असतं. तुमच्याकडे बाहेरचं माप ३.१ ने घटलंय, भोक आणि खाचा तेवढ्याच ३.१ ने वाढल्यात. म्हणजे कटरचं केंद्र थेट रेषेवरून फिरतंय आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचा १.५५ मिमी माल जातोय. स्केल पुन्हा १०० वर आणा.

कॅममध्ये प्रोफाइलचा (कडेने कापण्याचा) पर्याय 'रेषेवर' असा असेल. बाहेरच्या वर्तुळाला 'बाहेरून' द्या. भोकं आणि खाचांना 'आतून'. आतले कट आधी घ्या, बाहेरचा सर्वांत शेवटी, नाहीतर सुटलेला तुकडा हलतो.

टूलचा व्यास ३ न लिहिता ३.१ लिहा. कोलेटमधली (कटर धरणाऱ्या पकडीतली) धूळ, रनआउट (कटरचं डगमगत फिरणं) आणि कटरचं वाकणं यांमुळे खरा कट थोडा रुंद पडतो. आधी कोलेट साफ करा, मग त्याच फीडने (सरकण्याच्या वेगाने) आणि त्याच खोलीवर टाकाऊ तुकड्यात एक सरळ खाच मारून तिची रुंदी मोजा. जो आकडा येईल तोच टूल टेबलमध्ये भरायचा.

ग्रबलला जी४१-जी४२ येतच नाही, फक्त जी४० (भरपाई बंद) चालतं. त्यामुळे ऑफसेट (रेषेपासून बाजूला सरकणं) कॅममध्येच द्यावा लागतो. माक ३ किंवा लिनक्स सीएनसी या मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जी४१ चालतं, पण तिथेही कॅमचा ऑफसेट आणि जी४१ दोन्ही चालू ठेवले तर भरपाई दुप्पट होते.

एक गोष्ट तपासाच: चित्रात भरीव काळा आकार आहे की नुसती बाह्यरेषा? नुसती रेषा असेल तर ट्रेसमध्ये तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचे दोन मार्ग निघतात आणि ऑफसेट कुठल्या कडेपासून मोजला जातोय ते कळत नाही. आकार काळ्याने भरून मग ट्रेस करा.

प्रश्नकर्ता

५०.० आणि २०.० आले, आभार. पण खाचा टूलपाथमधून गायबच झाल्या आणि चौकोनाचे कोपरे गोल राहिले. त्यात चौकोनी तुकडा बसवायचा आहे.

प्रतिसाद २

खाच २.५ ची, कट ३.१ चा. मार्गाला जागाच उरत नाही म्हणून कॅमने त्या गाळल्या, आणि ते योग्यच आहे. खाचांसाठी २ मिमीचा कटर घ्या, प्रत्येक फेरीची खोली कमी ठेवा. टूल बदलल्यावर फक्त झेड शून्य (उंचीचा शून्यबिंदू) पुन्हा लावा, एक्स-वाय हलवू नका.

आतल्या कोपऱ्यात कटरच्या त्रिज्येइतकी गोलाई राहणारच. तुकडा बसवायचा असेल तर कॅममध्ये 'डॉगबोन' द्या: कटर कोपऱ्याच्या दुभाजकावर आणखी ०.४१४ x त्रिज्या इतका आत जातो. तुमच्या १.५५ ला ते ०.६४ मिमी. कोपरा खाचलेला दिसतो, पण तुकडा पूर्ण बसतो.

प्रतिसाद ३

हीच भरपाई चित्रातही करता येते. उरणारा माल काळा धरा आणि तो त्रिज्येइतका फुगवा. बाहेरची कड बाहेर सरकते, भोकाची कड आत येते, अरुंद खाचा बुजतात. मग ट्रेस करून 'रेषेवर' कापायचं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) एक पिक्सेल ०.०८५ मिमी, म्हणजे १.५५ मिमीला सुमारे १८ पिक्सेल. फुगवण्याचा साचा गोलच हवा. चौकोनी घेतला तर तिरक्या कडांवर ऑफसेट १.४१ पट होतो.

व्ही-बिटला (कोरण्याच्या टोकदार कटरला) मात्र एकच व्यास भरून भागत नाही, रुंदी खोलीवर ठरते. टोक ०.१ मिमी आणि पूर्ण कोन ६० अंश असेल तर १ मिमी खोलीवर कट १.२५ मिमी पडतो. एमडीएफ जिथे वर आलेला असेल तिथे रेषा जाड दिसते, म्हणून कोरण्याआधी पृष्ठभाग सपाट करून घ्या.