मालदीव: एवढे पैसे ओतून दुसऱ्यांदा जाण्यात अर्थ आहे का?

मधुरा (ठाणे):
लग्नानंतर मार्चमध्ये मालदीवला गेलो होतो. पाण्यावरचा व्हिला, सीप्लेन, सगळी हौस करून घेतली. अहोंना आता त्याच रिसॉर्टवर परत जायचंय, लेकीला घेऊन, शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत. खर्च बघून माझ्या पोटात गोळा आलाय. त्यात जाऊबाई दुसऱ्यांदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "सगळं तेच होतं गं, पण मजा नाही आली." तेच असून मजा का नाही? आणि काही लोक दरवर्षी तिथेच जातात, ते कशासाठी? "त्यापेक्षा तारकर्लीला जा" हा सल्ला नको, तारकर्ली माझं माहेर आहे.

निखिल (पुणे):
दरापुढची दोन अधिक चिन्हं आधी बघा. १० टक्के सर्व्हिस चार्ज, वर जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय. ग्रीन टॅक्सही त्याच वर्षी रिसॉर्टवर माणशी रोज ६ वरून १२ डॉलर झाला. मागचं बिल डोक्यात ठेवून गेलात तर चेकआउटला भांडण ठरलेलं. आमचं झालं. रिसॉर्टशी नाही, आपसात.

सावंतवाडीकर:
मधुराताई, मी बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) एका रिसॉर्टवर गेस्ट रिलेशन्सला होतो, आता गावी असतो. तुमच्या जाऊबाईंसारखे पाहुणे आम्ही जेटीवरच ओळखायचो. पहिल्यांदा आलेला सीप्लेनमधून उतरतो तो आ वासून. दुसऱ्यांदा आलेला विचारतो, "मागच्या वेळी शहाळं दिलं होतं, ते कुठाय?" पहिल्या खेपेला जे कौतुक, तो दुसऱ्या खेपेला हक्क. हॉटेल मॅनेजमेंटला रिचर्ड ऑलिव्हरचा १९८० चा सिद्धांत शिकवतात: गिऱ्हाईक खूश होतं ते नुसत्या सेवेवर नाही, मनात धरून आलं त्याच्या वर मिळालं की खाली, यावर. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, जेटीवर रोज बघायला मिळालं. त्यात पैसा जास्त मोजला की माणूस बारकावे मोजायला लागतो. स्थानिक बेटावरच्या गेस्टहाउसात गीझर बंद पडला तर लोक हसून घेतात, व्हिलात वायफाय जरा अडलं की मॅनेजरला बोलावणं.

दरवर्षी येणाऱ्यांना चकित व्हायचंच नसतं. आमच्याकडे युरोपातली वयस्क जोडपी बरीच. ठरलेला व्हिला, ठरलेलं टेबल, सकाळी पायात पोहायचे फिन अडकवून पाण्यात. रिसॉर्ट निवडतात तेच मुळी किनाऱ्यापासून रीफची, म्हणजे पाण्यातल्या प्रवाळाच्या भिंतीची, धार किती जवळ आहे ते बघून. एका आजींनी तर आपल्या तारखा एका बांगलादेशी वेटरच्या रजेप्रमाणे बदलल्या होत्या! पण जास्त दुखतं तेही यांनाच. १९९८, २०१६, २०२४ या वर्षांत पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं. नवीन पाहुण्याला माशांची गर्दी पुरते, पूर्वीची रीफ पाहिलेला माणूस मास्क काढून गप्प बसतो. त्याला टॉवेलचे हत्ती आणि केक देऊन उपयोग नाही, आणि आम्ही नेमकं तेच देत होतो.

तुमचा खरा घोळ मे महिन्याचा आहे. जानेवारी ते एप्रिल कोरडं हवामान. मेपासून नैर्ऋत्येचा वारा, पाऊस, गढूळलेलं पाणी, आणि म्हणूनच दर उतरलेले. मार्चचे फोटो मनात धरून गेलात तर वैतागाल. गंमत अशी, की त्याच वाऱ्याने बा अटॉलच्या हनिफारू खाडीत प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अडकतं आणि ते खायला मांटा जमतात. आपल्या पाकटाचा थोरला भाऊ समजा. मे ते नोव्हेंबर हंगाम. मेमध्ये नुकती सुरुवात असते, तेव्हा दिसतीलच अशी हमी कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. खाडीत डायव्हिंगला बंदी, फक्त स्नॉर्केलिंग (नळी लावून वरवर पोहणं), तेही रेंजरच्या देखरेखीखाली. यासाठी जाणारा माणूस पावसाला शिव्या देत नाही.

मधुरा (ठाणे):
पाकट म्हटल्यावर मला कालवणच आठवलं. पण लेक लहान आहे, खाडीत कशी नेणार? दिवाळीत गेलो तर?

सावंतवाडीकर:
खाडीत तुम्ही दोघं आलटून पालटून जा. दिवाळीत वारा फिरत असतो, दोन्हीकडचं थोडं थोडं मिळू शकतं. नाताळ जवळ आला की दर चढतात. विमान मालेला संध्याकाळी उतरणारं घेऊ नका. सीप्लेन अंधारात उडत नाही, रात्र तिथे काढावी लागते आणि त्या हॉटेलचं बिल बहुतेक तुमच्याच माथी. लहान मूल सोबत असेल तर स्पीडबोटीने पोचता येणारं बेट बरं. आणि रिसॉर्ट मात्र दुसरं घ्या. तेच घेतलंत तर अहो जेटीवरच "मागच्या वेळी…" सुरू करतील.

मधुरा (ठाणे):
ते इथे घरीच सुरू झालंय. दुसऱ्या बेटांचे दर मागवते.