‘द वायर’ पुढे रेटू की सोडून देऊ?

रात्रपाळी
‘ब्रेकिंग बॅड’ झाली, ‘सोप्रानोज’ झाली. पुढे काय बघू असं ज्याला विचारावं तो ‘द वायर’चं (अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातले पोलीस आणि गर्दवाले यांच्यावरची सिरीज) नाव घेतो, तेही अशा सुरात की ती न बघणं म्हणजे पाप. म्हणून सुरू केली. चार भाग झाले. सिरीजचं नाव वायर, आणि चार भागांत अजून एकही फोन टॅप झालेला नाही! तळघरातलं कळकट ऑफिस, इतर खात्यांनी नको म्हणून तिथे पाठवलेले पोलीस, आणि वीस-पंचवीस पात्रांची नावं लक्षात ठेवताना माझी दमछाक.

एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही. वस्तीच्या आवारात गर्द विकणारी पोरं बुद्धिबळाच्या सोंगट्यांनी चेकर्स खेळत बसलेली असतात. त्यांचा म्होरक्या डिअँजेलो त्यांना राजा, वजीर, प्यादी समजावून देतो. प्यादी पटकन मरतात म्हटल्यावर त्यांच्यातला बोडी म्हणतो, हुशार प्यादी असतील तर नाही मरणार. लिहिणारा ऐरागैरा नाही हे तेवढ्यात कळलं. पण तेवढ्या भांडवलावर साठ भाग काढायचे?

डोळ्यांसमोर आणखी दोन पर्याय आहेत: ‘बेटर कॉल सॉल’ आणि ‘हॅपी व्हॅली’. जेवणं झाल्यावर रोज तासभर मिळतो. बायकोही सोबत असते, तिला रक्तपात चालतो, कंटाळा चालत नाही. स्पॉयलर नकोत, प्लीज.

पोटमाळा
रेटा. पुढचाच भाग बघा, त्यात पेजरवरच्या आकड्यांचं कोडं कोण सोडवतो ते कळेल. सहाव्या भागात वायर जोडली जाते.

आणि उशीर होतो तो मुद्दाम. फोन टॅप करायचा तर आधी न्यायाधीशाला पटवून द्यावं लागतं की तपासाचे बाकीचे मार्ग चोखाळून झाले, आता याशिवाय इलाज नाही. परवानगी मिळाली तरी वाटेल त्याचं बोलणं ऐकता येत नाही. सार्वजनिक फोनवर नेमका कोण उभा आहे हे एक जण गच्चीवरून बघतो, तो खात्रीचा माणूस असला तरच खोलीतल्या पोलिसाने ऐकायचं. ऊन, पाऊस, हातात दुर्बीण आणि समोर एक डबडा फोन. इतर मालिकांत हेच काम ‘लोकेशन ट्रेस करा’ म्हणून दोन सेकंदांत उरकतात.

हे सगळं येतं कुठून? सिरीज लिहिणारा डेव्हिड सायमन ‘बाल्टिमोर सन’ या वर्तमानपत्राचा क्राइम रिपोर्टर होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स त्याच शहरात खुनांचा तपास करायचा, नंतर तिथल्याच शाळेत मास्तर झाला. चौथा सीझन शाळेवर आहे तो उगाच नाही.

नाकासमोर
पोटमाळा, ‘मुद्दाम संथ आहे’ हे ऐकून ऐकून कान किटले. मुद्दाम केलेला कंटाळा हा कंटाळाच असतो.

रात्रपाळी, तुम्ही जे बघून बसला आहात तेच आठवा. ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला भाग: केमिस्ट्रीचा मास्तर, पन्नासावा वाढदिवस, संध्याकाळी कार वॉशमध्ये जोडधंदा, आणि तिथे आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीचं चाक गुडघ्यावर बसून पुसायची वेळ. एका प्रसंगात माणूस अख्खा कळतो. ‘सोप्रानोज’ने पाचव्या भागात काय केलं? माफियाचा म्होरक्या टोनी मुलीला कॉलेजं दाखवायला नेतो, वाटेत जुना खबऱ्या दिसतो, त्याचा गळा आवळून पुन्हा मुलीला आणायला जातो. पाच भागांत सिरीजने आपले पत्ते उघडे केले. ‘वायर’वाले मात्र म्हणतात, आधी तेरा तास द्या, मग बोलू.

आणि हो, एवढी थोर सिरीज, एकही एमी (अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार) नाही. जेमतेम दोन नामांकनं, तीही लेखनाची.

फुटाणे
एमीचं सांगूच नका. ‘बेटर कॉल सॉल’ला ५३ नामांकनं होती आणि एमी शून्य. त्या हिशोबाने तीही भंगारात काढायची का?

नाकासमोर
सॉलला हात लावायचा नाही. माझं मत विचाराल तर पुढची तीच. ‘ब्रेकिंग बॅड’ ताजी आहे, त्यामुळे दर दोन-तीन भागांनी ओळखीचं कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. आणि त्यातली वकील किम वेक्सलर! अख्ख्या ‘वायर’मध्ये त्या तोडीचं स्त्रीपात्र दाखवा.

पोटमाळा
‘वायर’मधली पोलीस किमा आहे, पण ठीक, हा मुद्दा तुमचा. ‘वायर’ पुरुषांनी पुरुषांबद्दल लिहिलेली आहे, बायका दाराशी उभ्या राहतात. पण तुम्हाला ‘वायर’ संथ वाटते आणि सॉल चालते याची गंमत वाटते. सॉलच्या तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला माइक भंगारवाल्याच्या आवारात आपली गाडी रात्रभर सुटी करत बसतो. एक शब्द बोलत नाही. नट, बोल्ट, दाराचे पत्रे, सीटा. ते तुम्ही डोळे विस्फारून बघितलंत ना?

नाकासमोर
बघितलं, कारण तो काय शोधतोय हे मला ठाऊक होतं. फरक नेमका तिथे आहे. संथपणाला माझी ना नाही. माणसाला काहीतरी हवं आहे, ते मला माहीत आहे, मग तो रात्रभर स्क्रू काढत बसला तरी मी सोबत बसेन. ‘वायर’मध्ये कुणाला काय हवंय हे कळायच्या आत प्रसंग संपतो आणि आपण दुसऱ्याच गल्लीत.

लीड्सची_काकू
अहो, पुरुषमंडळी, बाकीच्यांना बोलू द्या जरा. रात्रपाळी, तुमच्या बायकोचं नाव घेऊन ‘हॅपी व्हॅली’ लावा. मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते, तिथून सिरीजमधलं खोरं फार लांब नाही. हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज, ओल्या दगडी भिंती, सगळं जसंच्या तसं दिसतं.

पहिलाच प्रसंग सांगते, स्पॉयलर नाही. एक पोरगा मैदानात अंगावर पेट्रोल ओतून उभा. सार्जंट कॅथरीन आधी दुकानातून आग विझवायचं नळकांडं घेते, वर गॉगलही उचलते, भुवया जळायला नकोत म्हणून. मग त्याच्याशी गप्पा मारायला लागते: वय ४७, घटस्फोटित, बहिणीसोबत राहते, ती हेरॉइनमधून बाहेर पडतेय, दोन मुलं, त्यातलं एक गेलं, दुसरं बोलत नाही, आणि एक नातू. दोन मिनिटांत बाईचा अख्खा संसार तुमच्यासमोर, आणि ती हे एखाद्या फॉर्ममधले रकाने भरावेत तसं सांगते. सॅली वेनराइटचं लेखन आहे आणि सारा लँकेशरचं काम, दोन्हींत एक धागा इकडचा तिकडे नाही.

तीन सीझन, अठरा भाग, खेळ खलास. साठ नाहीत. आणि दुसरा सीझन २०१६ला, तिसरा थेट २०२३ला. मधल्या सात वर्षांत नातवाचं काम करणारा पोरगा खरोखरच मोठा होऊ दिला, तोच परत घेतला. तिसऱ्या सीझनची सगळी कथा त्यावर उभी आहे.

उच्चार अवघड आहेत हे मान्य. मला इथे राहूनही सबटायटल्स लागली.

नाकासमोर
काकू, ‘हॅपी व्हॅली’ मलाही आवडली. पण पहिल्या सीझनचा अकाउंटंट बघा ना. पगारवाढ मिळाली नाही म्हणून मालकाच्या पोरीला पळवायची कल्पना गुंडाला जाऊन देतो. एवढा बावळट?

लीड्सची_काकू
तो बावळट आहे म्हणूनच अंगावर काटा येतो, बाळा. गुन्हा करायला ‘ब्रेकिंग बॅड’च्या मास्तरासारखी, वॉल्टर व्हाइटसारखी बुद्धी लागते असं कुणी सांगितलं? बहुतेक गुन्हे रडतराऊच करतात. साहेबाने अपमान केला, घरी येऊन बायकोसमोर फुशारकी मारता येईना, संपलं. मला ‘ब्रेकिंग बॅड’बद्दल हीच तक्रार आहे. पाच सीझन तो मास्तर प्रत्येक वेळी विज्ञानाच्या जोरावर सुटतो, आणि बघणारे टाळ्या वाजवतात. त्याच्या बायकोला लोकांनी किती शिव्या घातल्या! तिचा गुन्हा काय, तर नवऱ्याला विचारलं, कुठे होतास.

फुटाणे
हे मात्र शंभर टक्के. आणि ‘उपचाराला पैसे नव्हते म्हणून तो वाट चुकला’ म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न. पहिल्याच सीझनमध्ये जुना मित्र सगळा खर्च उचलायला तयार असतो. मास्तर नाही म्हणतो. कॅन्सर हे निमित्त, दुखणं अहंकाराचं.

नाकासमोर
अहो, मग हेच तर मी म्हणतोय! ती सिरीज एका माणसाच्या अहंकाराची आहे आणि शेवटच्या भागापर्यंत तो धागा सुटत नाही. ‘वायर’ कशाबद्दल आहे हे एका वाक्यात सांगा. ‘व्यवस्थेबद्दल’ असं सांगाल तर मी उठून जाईन.

पोटमाळा
एका वाक्यात नाही सांगत, एक प्रसंग सांगतो. पहिल्याच सीझनमधला आहे, कथेला धक्का लागत नाही.

वॉलेस नावाचा सोळा वर्षांचा पोरगा, गर्द विकतो, पडक्या घरात लहान पोरांना सांभाळतो. त्यातल्या एका पोरीला शाळेचं गणित सुटत नाही: बसमध्ये इतके चढले, इतके उतरले, राहिले किती. ती अंदाजपंचे काहीतरी ठोकून देते. मग वॉलेस तेच गणित मालाच्या हिशोबात घालतो. तुझ्याकडे इतक्या पुड्या, इतक्या गेल्या, इतक्या नव्या आल्या. क्षणात बरोबर उत्तर. तो विचारतो, मग पुस्तकातलं का जमत नाही? ती म्हणते, हा हिशोब चुकला तर मार पडतो.

मिनिटभराचा प्रसंग. पार्श्वसंगीत नाही, कुणी डोळे पुसत नाही, लगेच पुढचं दृश्य. आणि चौथ्या सीझनमध्ये शाळेत शिरल्यावर तो पुन्हा आठवतो. ठाण्यात गुन्ह्यांचे आकडे ज्या युक्तीने बसवतात, त्याच युक्तीने शाळा परीक्षेचे निकाल बसवते. वरून आकडा मागतात, खालून आकडा येतो, पोरगं होतं तिथेच. सरकारी खात्यात एक मार्च महिना काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला याची वेगळी टीप लागणार नाही. नाकासमोर, तुम्ही विचारता कुणाला काय हवंय. इथे प्रत्येकाला साहेबाला दाखवायला आकडा हवाय.

फुटाणे
यात माझी भर. लोक दुसऱ्या सीझनला सोडून देतात, कारण एकदम गोदी कामगार येतात, ओळखीची पोरं दिसेनाशी होतात. सोडू नका. बंदरात जहाजं कमी, कंटेनर आणि यंत्रं जास्त, युनियनचा म्होरक्या कामाचे दिवस वाढवायला धडपडतोय. आमचे काका मुंबईच्या गोदीत होते. १९८९ला न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, आणि घरात जे बोलणं चालायचं ते मी बाल्टिमोरच्या दारूच्या गुत्त्यात पुन्हा ऐकलं.

परभणीकर
सगळे विलायतेतच फिरताय म्हणून आगाऊपणा करतो. ‘मानवत मर्डर्स’ कुणी बघितली का? २०२४ची मराठी सिरीज, पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या तपासावरची, आशुतोष गोवारीकर त्या भूमिकेत. आमच्या जिल्ह्यातलं प्रकरण, लहानपणी मोठी माणसं त्याचा विषय निघाला की आम्हाला आत पाठवायची. मकरंद अनासपुरेला असा आधी बघितला नव्हता.

पोटमाळा
बघितली. वातावरण पकडलंय, अनासपुरे खरंच थंड डोक्याने भीती घालतात. पण गाव कळत नाही. खून कळतात, गाव नाही. त्यापेक्षा ‘कोहरा’मध्ये पंजाबातलं गाव जास्त कळतं: जमीन, लग्नं, परदेशी जायची घाई. हिंदी-पंजाबीत या जातकुळीचं बघायचं असेल तर ती आणि ‘पाताल लोक’.

परभणीकर
गाव कळत नाही हे पटलं नाही. पण तुम्ही मानवतचे नाही, मी आहे, मला ते आपोआप दिसत असेल.

नाकासमोर
पोटमाळा, वॉलेसचा प्रसंग चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण हे सगळं पाचव्या सीझनमध्ये तुमच्याच सायमनने मातीत घातलं. ‘वायर’चा मुख्य पोलीस मॅकनल्टी तिथे जे करतो (सांगत नाही, रात्रपाळी घाबरू नका) ते कुठल्या खऱ्या पोलीस खात्यात चार दिवस टिकलं असतं? चार सीझन ‘आम्ही वास्तव दाखवतो’ म्हणायचं आणि शेवटी जत्रेतला खेळ लावायचा.

पोटमाळा
पाचवा सीझन घाईचा आहे. दहाच भाग होते. वर्तमानपत्राच्या कचेरीतली माणसं सायमनने जुना हिशोब चुकता करायला लिहिल्यासारखी वाटतात. पण म्हणून चौथा सीझन बघायचा नाही हे कुठलं तर्कशास्त्र?

रात्रपाळी
एवढं सगळं वाचून काल बायकोला दोन्ही पर्याय सांगितले. तिने काकूंचा गॉगलवाला प्रसंग ऐकला आणि रिमोट घेतला. ‘हॅपी व्हॅली’चे दोन भाग एका बैठकीत झाले. अकाउंटंटला बघून तिने आमच्या सोसायटीतल्या एका सदस्याचं नाव घेतलं, ते इथे देत नाही.

‘वायर’ तिच्या झोपेनंतर, एकट्याने, सबटायटल्स लावून. पाचवा भाग बघितला. पेजरचं कोडं ज्याने सोडवलं त्याच्याकडून ही अपेक्षा अजिबात नव्हती, कारण आधी त्याने केलेला राडा बघून तो माझ्या मनातून उतरला होता. निदान पहिला सीझन पुरा करतो. सॉल पावसाळ्यात.

नाकासमोर
सॉल पावसाळ्यात! बरं. पाचव्या सीझनला पोचलात की इथेच या, मी आहे.

लीड्सची_काकू
सोसायटीतल्या सदस्याचं नाव मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.