मदत हवी आहे: ब्रेकचं रिफिल शूमधून सटकतंय, कशाने चिकटवू?

उतारघाई
सायकलच्या ब्रेकचे पॅड झिजले म्हणून शू (ज्या खोबणीत रबर बसतं ती) तेच ठेवून आतली रबरं, म्हणजे रिफिल, तेवढी नवीन आणली. मागची जोडी मस्त बसली. पुढचं डावं रिफिल मात्र ब्रेक जोरात दाबला की नखभर बाहेर येतं. चिकटवायचं ठरलेलं आहे, त्यामुळे "चिकटवू नका" सोडून बोला. एपॉक्सी की इन्स्टंट ग्लू? उद्या पहाटे निघायचंय.

साखळदंड
ब्रेक कोणता? डिस्क की रिम, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबणारा?

उतारघाई
रबर म्हटलं म्हणजे रिमच ना! डिस्कला कुठे असतं रबर?

साखळदंड
रिममध्येही तऱ्हा आहेत. व्ही-ब्रेकच्या शूला बहुधा वरून पिन खोचलेली असते, रोड बाईकच्या शूला बाजूने बारीक अ‍ॅलन स्क्रू. तुमच्याकडे काय आहे? आणि रिफिल शिमानो कंपनीच्या मापाचं की कॅम्पाग्नोलोच्या? एकाचं दुसऱ्यात धड बसत नाही.

खडखडाट
एपॉक्सी लावा बिनधास्त. रात्रभर सुकू द्या. मी जुन्या सायकलला लावलं होतं, सायकल विकेपर्यंत हललं नाही.

पायडलवाली
खडखडाटकाका, अहो ब्रेक आहे तो, कपाटाचं दार नाही! लांब उतारावर रिम चांगलीच तापते. इन्स्टंट ग्लू सुकला की ठिसूळ होतो आणि तापला की पकड सोडतो. एपॉक्सी टिकलं तरी पुढच्या वेळी रबर निघणार कसं? शूच फेकावा लागेल, मग रिफिल आणून वाचवलं काय?

खडखडाट
माझं टिकलं, एवढंच सांगतोय.

धुरळा
इथेच विचारतो. माझ्या डिस्क पॅडचं मटेरियल पत्र्यावरून सुटलंय. एपॉक्सीने बसेल का?

पायडलवाली
नाही! ते कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन बसवलेलं असतं. पॅड टाकून द्या, जोडी नवीन घ्या.

उतारघाई
माझ्या प्रश्नाकडे याल का? रोड बाईक आहे, रिफिल शिमानोचंच. स्क्रू आहे आणि पूर्ण आवळलाय.

साखळदंड
शूची एक बाजू बंद असते, एक उघडी. उघडं तोंड कुठे आहे?

उतारघाई
पुढे. त्याने काय फरक पडतो?

साखळदंड
सगळा फरक त्यानेच पडतो. ब्रेकपाशी रिम पुढच्या दिशेने पळत असते आणि पॅडला सोबत ओढते. बंद बाजू पुढे असेल तर पॅड भिंतीला टेकतं. तुमच्याकडे तिथे भिंतच नाही. तो एवढासा स्क्रू पॅड मागे सरकू नये म्हणून दिलेला, ब्रेकचा सगळा जोर तो सोसणार नाही. शूवर एल, आर लिहिलंय का बघा.

उतारघाई
डाव्या बाजूला आर लिहिलेला शू आहे. दुकानात सर्व्हिसिंग झाल्यापासून असंच असणार. उजवा मग ठीक आहे ना? तो सटकत नाही.

पायडलवाली
अहो दादा, डावीकडे आर म्हणजे उजवीकडे एल! तोही उलटाच आहे, स्क्रूच्या जिवावर तगलाय. दोन्ही शूंची अदलाबदल करा. रिफिल घट्ट जात असेल तर स्पिरिट किंवा साधं पाणी लावून सरकवा. तेल, ग्रीस अजिबात नको.

गियरबाज
यासाठीच म्हणतो, डिस्क घ्या. पावसातही तशीच पकड.

खडखडाट
डिस्क वाकली की रस्त्यात काय करणार?

साखळदंड
डिस्कसाठी वेगळा धागा काढा हो कुणीतरी. उतारघाई, शू लावताना उंची बघा. पॅड पूर्ण रिमवरच टेकलं पाहिजे. टायरला घासलं तर टायर कापेल.

उतारघाई
केली अदलाबदल. सटकणं बंद. गोंद लागला नाही, बरं झालं. पण आता किंचाळतंय!

पायडलवाली
टो-इन द्या, म्हणजे पॅड किंचित तिरकं बसवा. पॅडचं मागचं टोक आणि रिम यांच्यामध्ये जाडसर कार्ड ठेवा, ब्रेक दाबून धरा आणि शूचा बोल्ट आवळा. पुढचं टोक आधी टेकलं की आवाज जातो.

गियरबाज
चेनला तेल कोणतं घालता? हल्ली मेणाचं चांगलं म्हणतात.

उतारघाई
कार्ड लावून झालं, आवाज कमी झाला, गेला नाही. आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय.

साखळदंड
रिमला काही लागलंय का?

उतारघाई
काल चेनवर स्प्रे मारला होता, थोडा चाकांवर उडाला असेल. पुसला मी फडक्याने.

साखळदंड
हे आत्ता सांगताय! दोन्ही रिम स्पिरिटने पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पॅडवर बारीक सॅंडपेपर फिरवा. मग सपाट रस्त्यावर हळू चालवत ब्रेक दाबून बघा. पकड आली नाही तर उद्या उतार नको.