नुनावुटचा आरोग्यखर्च दरडोई सर्वाधिक असूनही अपुरा का पडतो?

ऋतू_लोकप्रशासन:
मी संघराज्यांतील निधीवाटपाचा अभ्यास करत असून तुलनेसाठी कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुट हा प्रदेश घेतला आहे. 1 एप्रिल 1999 रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वेगळा झालेला हा प्रदेश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा आहे, लोकसंख्या मात्र जेमतेम 40 हजारांच्या घरात आहे आणि त्याच्या 25 वस्त्यांपैकी एकही दुसरीशी रस्त्याने जोडलेली नाही. तेथील दरडोई आरोग्यखर्च 20 हजार कॅनेडियन डॉलरच्या वर, म्हणजे देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही नोव्हेंबर 2021 मध्ये पँगनिर्टंग या वस्तीत क्षयरोगाचा उद्रेक जाहीर करावा लागला. माझ्या दोन शंका आहेत. केंद्राचे आरोग्य अनुदान माणशी समान असेल, तर एवढा खर्च भागतो कशातून? आणि तेथील सरकार भांडवली खर्चाचे अंदाजपत्रक शरदात व चालू खर्चाचे हिवाळ्यात, असे दोनदा का मांडते?

जमाखर्च_निवृत्त:
ऋतू, तुम्ही म्हणता ते माणशी समान अनुदान म्हणजे कॅनडा हेल्थ ट्रान्सफर. 2014-15 पासून ते निव्वळ डोकी मोजून वाटले जाते. 2024-25 साली ते दरडोई साडेबाराशे डॉलरच्या आसपास होते, म्हणजे नुनावुटच्या वाट्याला साधारण 5 कोटी डॉलर आले. त्यावर तेथील आरोग्य खात्याचे थोडे आठवडेच निघतील.

खरा आधार आहे तो टेरिटोरियल फॉर्म्युला फायनान्सिंग या अनुदानाचा, जे वर्षाला सुमारे 2 अब्ज डॉलर असते. प्रदेशाच्या खर्चाचा एक पाया धरतात, त्यातून त्या प्रदेशाच्या महसूलक्षमतेचे 70 टक्के वजा करतात आणि उरलेली रक्कम ओटावा, म्हणजे केंद्र सरकार देते. महसुलातले 30 टक्के हिशेबाबाहेर ठेवण्याचे कारण एवढेच की, स्वतःचे उत्पन्न वाढवून हाती काहीच पडत नाही असे तेथील सरकारला वाटू नये.

अभ्यास करायचा तर त्या पायाच्या वाढीचा करावा, असे माझे मत आहे. तो लोकसंख्येच्या आणि देशभरातील प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या खर्चाच्या वाढीनुसार वाढतो. ओंटारिओ किंवा क्वेबेक या मोठ्या प्रांतांनी हात आखडता घेतला की त्याची झळ सूत्रातून उत्तरेला पोहोचते, मग त्या वर्षी विमानाचे इंधन कितीही महाग झालेले असो. शिवाय हे अनुदान विनाअट असल्याने आरोग्य खात्याला घरबांधणी, शाळा आणि वीज यांच्याशी एकाच पंक्तीत बसून आपला वाटा मागावा लागतो. आमच्या वित्त विभागातही ही ओढाताण होतीच, पण तिथे निम्मा खर्च विमानात बसून जात नव्हता!

बॅफिनची_परिचारिका:
मी बॅफिन बेटावरील एका छोट्या वस्तीत दोन वेळा कंत्राटी परिचारिका म्हणून काम केले आहे. वरील प्रतिसादातला ‘निम्मा’ हा शब्द विनोदाने आला असला, तरी प्रवास हे तिथले फार मोठे खर्चाचे शीर्ष आहे, हे मी रोज पाहत होते. आमच्या आरोग्य केंद्रात मुक्कामी डॉक्टर नव्हता. एका संध्याकाळी सात-आठ वर्षांचा मुलगा कोपर मोडून आला. आम्ही हात फळीला बांधला आणि वेदनाशामक दिले. हवामान उघडून विमान उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. तिथून तो प्रदेशाची राजधानी इकालुइटला गेला आणि पुढे ओटावाला. इकालुइट ते ओटावा हे अंतरच सुमारे 2,000 किलोमीटर आहे. मूल लहान म्हणून आईचे तिकीट, ओटावात दोघांची राहण्या-जेवणाची सोय, इनुक्टिटुट ही तेथील मूळनिवासी इनुइटांची भाषा बोलणारा दुभाषी, आणि परतताना वादळामुळे इकालुइटला आणखी तीन रात्री. मागे राहिलेली दोन भावंडे शेजारणीने सांभाळली, कारण वस्तीतले समाजसेविकेचे पद तेव्हा रिकामे होते.

नुनावुटच्याच किवालिक भागातले रुग्ण दक्षिणेकडील विनिपेग शहरात जातात आणि किटिकमिओट भागातले येलोनाइफ किंवा एडमंटनला. बहुतेक वस्त्यांतील गर्भवतींना तारखेच्या काही आठवडे आधीच घर सोडावे लागते. इनुइट रुग्णांच्या प्रवासाचा काही भार केंद्राने उचलायचा असतो, परंतु मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाला पुरत नाही, अशी नुनावुट सरकारची जुनी तक्रार आहे.

दुसरे खर्चिक शीर्ष म्हणजे आम्हीच. कर्मचाऱ्याला राहायला घर नसेल तर कायम पद भरता येत नाही. मग पगाराच्या शीर्षाखाली रक्कम शिल्लक राहते, एजन्सीच्या परिचारिकांवर तिच्याहून अधिक खर्च होतो आणि वर्षअखेर पुरवणी मागण्या येतात. घर बांधण्याचा पैसा दुसऱ्या खात्याचा असल्यामुळे, घर नसल्याचा खर्च आरोग्य खात्यावर पडतो हे कोणत्याच एका तक्त्यात दिसत नाही.

पर्लकोटेपलीकडचा:
ऋतूताई, तुमची दुसरी शंका आम्हा भामरागडकरांना लगेच समजते. पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद, म्हणून पावसाळ्याच्या महिन्यांचे रेशन आधीच भरून ठेवतात. नुनावुटमध्ये याच्या उलट आहे. समुद्र वर्षातला बराच काळ गोठलेला असतो आणि मालवाहू जहाजे साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढ्याच काळात पोहोचतात. बहुतेक वस्त्यांना धक्का नसल्याने जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि भरती पाहून सपाट बार्जेसवरून माल किनाऱ्यावर ओढतात. दवाखान्याच्या भिंती, खिळे, जनरेटर, सगळे त्यातूनच येते. हा माल वसंतात जहाजावर नोंदवायचा, तर निविदा हिवाळ्यातच काढाव्या लागतात आणि त्यासाठी भांडवली खर्चाला शरदात मंजुरी हवी. फेब्रुवारीत मंजुरी मिळाली आणि निविदेला एक महिना उशीर झाला, तर जहाज चुकते आणि ते चुकले की काम वर्षभर लांबते.

ऋतू_लोकप्रशासन:
दुसरी शंका पूर्ण फिटली, आभारी आहे. मात्र समाजसेविकेच्या रिकाम्या पदाचा उल्लेख मनात राहिला. बालकल्याणासाठी वेगळा केंद्रीय निधी नाही का?

जमाखर्च_निवृत्त:
आहे, पण मुदतीचा. ‘इनुइट चाइल्ड फर्स्ट’ या केंद्रीय उपक्रमातून अनेक वस्त्यांत मुलामागे महिन्याला 500 डॉलरची अन्नकुपने मिळत होती. ती मार्च 2025 अखेर थांबली आणि ज्या घरांनी त्यावर महिन्याचा हिशेब बसवला होता त्यांची पंचाईत झाली. अशा पैशातून कुपन देता येते, कायम पद निर्माण करता येत नाही, कारण तीन वर्षांनी पगार कोण देणार याचे उत्तर वित्त खाते आधी मागते. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी नुनावुटच्या बालक व कुटुंब सेवांचे 2011, 2014 आणि 2023 असे तीनदा लेखापरीक्षण केले आहे. तिसऱ्या अहवालातील रिक्त पदांचा आणि नोंदींचा भाग अवश्य वाचा. किती मुले नेमकी कुठे ठेवली आहेत हेही खाते खात्रीने सांगू शकत नव्हते. तो अहवाल परिचारिकाताईंनी सांगितलेल्या घरांच्या टंचाईशेजारी ठेवून वाचलात, तर तुमच्या प्रबंधाचे एक प्रकरण त्यातूनच निघेल.