खांदेरीने मुंबई बंदराचे तोंड खरोखर रोखले होते काय?

दप्तरी :
जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत खांदेरीचा समावेश झाला आणि तेव्हापासून 'खांदेरीने इंग्रजांचे मुंबई बंदर बंद पाडले' हे वाक्य जिकडेतिकडे वाचायला मिळते. मला ते पटत नाही. खांदेरी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि सतराव्या शतकातील तोफेने दीड-दोन किलोमीटरपलीकडच्या चालत्या जहाजावर नेम धरणे अशक्यप्राय होते. बंदरात शिरणारे जहाज बेटाला दुरून वळसा घालून सहज जाऊ शके. शिवाय १८ ऑक्टोबर १६७९ च्या ज्या लढाईचा आपण अभिमान बाळगतो, तिच्यात इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब (शिडांचे लढाऊ जहाज) हाती लागली हे खरे असले, तरी एकट्या पडलेल्या 'रिव्हेंज'ने मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले, हे सांगायचे मात्र बहुतेक जण टाळतात. खांदेरी ही टेहळणीची उत्तम चौकी होती. तिला बंदराचे कुलूप म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

वल्हेकरी :
आपण किल्ल्याचे मोल तोफेच्या पल्ल्यावरून ठरवत आहात, आणि मतभेद तिथेच आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात माझगावला इंग्रजांच्या आश्रयाला राही आणि आकाश निवळले की तिथूनच निघून कुलाब्याचा किनारा लुटत असे. शिवाजी महाराजांना हा रस्ता डोळ्यांखाली हवा होता. म्हणूनच १६७२ मध्ये फसलेला बेत त्यांनी १६७९ मध्ये पुन्हा हाती घेतला आणि पावसाळा सरता सरता त्यांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसे व तोफा घेऊन बेटावर उतरला. बेट एवढे निरुपद्रवी असते, तर मुंबईकर इंग्रजांनी तातडीने वेढा घातला नसता आणि सप्टेंबरात तिथे उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा अधिकारी फ्रान्सिस थॉर्प मारला गेला नसता.

नागोठण्याच्या माघारीबद्दल आपण लिहिले ते बरोबर आहे, पण वेढ्याचा निकाल त्या एका सकाळी लागला नाही. इंग्रजांची जहाजे शिडाची आणि खोल बुडीची होती. वारा पडला की ती जागच्या जागी डोलत राहत. मराठ्यांच्या लहान होड्या मात्र अंधारात वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, समोरच्या किनाऱ्यावरील थळच्या बाजूने दाणागोटा आणि दारूगोळा घेऊन बेटाला लागत, आणि तिकडे तटाची उंची वाढतच होती. खर्चाला कंटाळलेल्या सुरतेच्या वखारीने मुंबईकरांना आवरते घ्यायला लावले आणि १६८० च्या आरंभी तह झाला. लढाईत मागे हटलेल्या बाजूकडेच बेट राहिले, याचा अर्थ आपण काय लावता?

ओहोटी :
दोघांच्याही लिखाणात उंदेरी कुठे आहे? खांदेरी आणि थळ यांच्या मधोमध, खांदेरीपासून जेमतेम मैलभरावर हे दुसरे बेट आहे, आणि जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने तिथे ठाण मांडून तोफा चढवल्या. मराठी आरमाराच्या दौलतखानाने लगेच हल्ला केला, पण तो स्वतः जखमी झाला आणि उंदेरी सिद्दीकडेच राहिली. म्हणजे ज्या होड्यांच्या वाटेचे वल्हेकरी यांनी इतके सुरेख वर्णन केले, ती वाटच शत्रूच्या माऱ्याखाली आली. पेशव्यांनी उंदेरी घेतली ती थेट १७६० च्या सुमारास. तोवर सुमारे ८० वर्षे ही दोन बेटे एकमेकांवर डोळे वटारून बसली होती, आणि ज्या चौकीच्या दारातच शत्रूची चौकी आहे तिने दुसऱ्याच्या दाराची राखण केली असे म्हणणे मला जरा धाडसाचे वाटते.

वल्हेकरी :
उंदेरीची आठवण योग्य आहे, माझ्याकडून ती सुटली होती. पण त्या ८० वर्षांतच कान्होजी आंग्रे होऊन गेले, हे कसे विसरता? त्यांचे दस्तक (परवाना) न घेता या पाण्यातून जाणे व्यापाऱ्याला महाग पडे आणि कंपनीला आपल्या गलबतांसोबत लढाऊ जहाजे पाठवावी लागत. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठा ताफा आणून खांदेरीवर हल्ला केला, तोही उंदेरी सिद्दीकडे असताना, आणि हात हलवत परतला. निव्वळ टेहळणीच्या चौकीसाठी कोणी इतका दारूगोळा खर्च करत नाही.

दप्तरी :
बूनचा मुद्दा मान्य. टेहळणीची चौकी हे माझे शब्द खांदेरीला थोडे तोकडे पडतात, हेही मान्य. पण आपलेच उदाहरण पुन्हा पाहावे : व्यापाऱ्यावर जरब होती ती कान्होजींच्या फिरत्या गुराबांची आणि गलबतांची, बेटावरच्या बुरुजांची नव्हे. खांदेरीवर आजही चाकांच्या गाड्यावर बसवलेली एक तोफ पाहायला मिळते. तिच्यामागे उभे राहून मुंबईच्या दिशेने बघितले, की समोर किती पाणी मोकळे उरते ते नकाशा न उघडताही कळते. त्या मोकळ्या पाण्यात जे केले ते आरमाराने केले, आणि आरमाराला दम घ्यायला, पाणी भरायला, शत्रूची शिडे आधी दिसायला हे बेट कामी आले. 'बंदर बंद पाडले' या वाक्यात आरमाराचे नावच नाही, माझा आक्षेप एवढाच आहे.

ओहोटी :
एवढाच आक्षेप होता, तर मथळ्यात तसे लिहायला हवे होते. उंदेरीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.