जोनी मिचेलचा पहिला अल्बम: गाणी एवढी नितळ, मग ध्वनिमुद्रण मळकट का?

उलटी_तबकडी:
कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेलचं नाव निघालं की सगळे थेट 'ब्लू'कडे (१९७१) वळतात आणि मार्च १९६८चा तिचा पहिला अल्बम 'साँग टू अ सीगल' 'सुरुवातीचं काम' म्हणून बाजूला पडतो. माझ्या मते बांधणीत हा अल्बम 'ब्लू'लाही भारी आहे. दहा गाणी, दोन भाग. पहिली बाजू शहरात येण्याची, दुसरी शहर सोडून समुद्राकडे जाण्याची. 'आय हॅड अ किंग'मधल्या मोडलेल्या संसारापासून सुरुवात होते आणि 'नेथन ला फ्रॅनीअर'मधल्या टॅक्सीतून विमानतळ गाठताना बाजू संपते. तबकडी उलटायची वेळ नेमकी तिथे येते.

याचं अर्धं श्रेय निर्माता डेव्हिड क्रॉस्बीचं. फोक-रॉकची (लोकगीत आणि रॉकच्या मिश्रणाची) लाट जोरात असताना त्याने ड्रम येऊ दिले नाहीत. गळा आणि गिटार, बस्स. 'नाइट इन द सिटी'त स्टीफन स्टिल्सची बेस गिटार आणि जोनीचाच पियानो, 'नेथन'मध्ये ली कीफरचं बॅन्शी नावाचं वाद्य. बाकी काही नाही.

कान_उघडा:
गाण्यांबद्दल वाद नाही. पण क्रॉस्बीला श्रेय देताना त्याने काय बिघडवलं तेही लिहा. जोनीला ग्रँड पियानोच्या तारांकडे तोंड करून गायला लावायचं, म्हणजे तिच्या सुरांनी तारा आपोआप झंकारतील आणि आवाजामागे एक वलय उमटेल, अशी त्याची कल्पना. कल्पना सुंदर, पण तो झंकार गळ्याच्या मानाने फारच क्षीण. तो पकडायला जास्तीचे माइक लावावे लागतात आणि त्यांचा गेन (माइकमधून येणारा आवाज वाढवण्याचं प्रमाण) चढवावा लागतो. गेन झंकाराला वेगळा ओळखत नाही. खोलीचा आवाज, माइकची खरखर, टेपची सरसर, सगळंच वर येतं. मग ती सरसर लपवायला मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) वरच्या कंप्रता, म्हणजे बारीक, टोकदार आवाज छाटले, आणि त्यांच्याबरोबर 'स', 'श'ची धार आणि तारेवर पडणाऱ्या नखाचा टणकाही गेला. म्हणून मूळ तबकडी कांबळ्याखालून ऐकल्यासारखी वाटते. खुद्द जोनीने मूळ मिक्सला भयानक म्हटलंय आणि २०२१च्या 'द रिप्राइज अल्बम्स' संचासाठी ते नव्याने करून घेतलंय.

तरफेची_तार:
कल्पनेला नावं ठेवू नका. सारंगीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा, हेच काम करतात. फरक एवढाच की तरफा रागाच्या सुरांत मिळवलेल्या असतात, म्हणून नेमक्या जागी बोलतात. पियानोचं पेडल दाबलं की तारांचा झंकार थांबवणारे सगळेच दाबपट्टे उचलले जातात, सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि मागच्या स्वराचा झंकार पुढच्या स्वरावर सांडतो. संथ गाण्यात ते खपतं, शब्द भराभर आले की गढूळ होतं.

एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या प्रतीवर ट्रेबल (वरच्या कंप्रता) चढवून 'दुरुस्ती' करू नका. मिक्समध्ये छाटलेलं त्याने परत येत नाही, ८–१० किलोहर्ट्झच्या आसपास उरलेली सरसर तेवढी वाढते. दोन्ही मिक्स शेजारी ठेवून तुलना करायची तर आधी आवाजाची पातळी कानाने समान करा, नाहीतर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं.

उलटी_तबकडी:
ट्रेबलचं पटलं. पण त्या मळकट मूळ मिक्समध्येही 'मार्सी' ऐका. लाल आणि हिरवा हे दोनच रंग कडव्याकडव्याला अर्थ बदलतात: गोळ्यांची चव, राग आणि मत्सर, ऋतू, सिग्नलचे दिवे. मार्सी वाट बघते ते पत्र काही येत नाही. आणि शेवटी मार्सी आपल्या नजरेआडच होते, कुणाला ती पावसात दुकानांच्या काचांपाशी दिसली असं वाटतं, कुणी ऐकलं की ती परतीचं तिकीट न काढता पश्चिमेला गेली. वाद्यमेळ असता तर हा एकटेपणा राहिला असता का?

पहिली_कडवी:
विरुद्ध बाजूने लिहिते. 'बोथ साइड्स नाउ', 'चेल्सी मॉर्निंग', 'द सर्कल गेम' ही गाणी तेव्हा तयार होती. जूडी कॉलिन्सने 'बोथ साइड्स नाउ' १९६७लाच गायलं होतं. ती वगळून 'द पायरेट ऑफ पेनन्स' का? एकाच गळ्याच्या दोन पात्रांचा संवाद, ओव्हरडब करून, म्हणजे वेगवेगळा ध्वनिमुद्रित करून, एकमेकांवर चढवलेला. शब्द हाती लागत नाहीत. बांधणीसाठी गाणी बळी दिली.

तरफेची_तार:
'पायरेट'बद्दल सहमत. वगळण्याबद्दल नाही. पहिली दोन पुढच्याच वर्षी 'क्लाउड्स'वर आली, तिसरं १९७०च्या 'लेडीज ऑफ द कॅन्यन'वर. वाया काहीच गेलं नाही.

गिटारबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे जोनीचा डावा हात कमजोर, म्हणून ती तारा सैल करून, नेहमीपेक्षा खालच्या स्वरांत मिळवून वाजवते. स्वतः करून बघायचं तर ओपन डी ही जुळणी घ्या: सहावी (सगळ्यात जाड), दुसरी आणि पहिली तार एक पूर्ण स्वर खाली, तिसरी अर्धा स्वर खाली. सुट्या तारा छेडल्या की पूर्ण कॉर्ड, एक बोट आडवं टाकलं की दुसरी. बारीक तारा असतील तर उतरवल्यावर सहावी पडद्यांवर फडफडते. थोडी जाड लावा. आणि तारा थेट स्वरावर आणून सोडू नका. आधी स्वराच्या किंचित खाली न्या, मग वर चढवा, नाहीतर खुंटीतली ढील पुढच्या दोन मिनिटांत तार उतरवते.

कान_उघडा:
आणि हीच उतरवलेली तार मूळ मिक्समध्ये नुसती घुमते, २०२१च्या मिक्समध्ये तिच्यावरचा अंगठा ऐकू येतो. 'कॅक्टस ट्री' दोन्हीकडे लावून बघा. तुम्ही म्हणता तो एकटेपणा नव्या मिक्समध्येही शाबूत आहे, फक्त तो आता हातभर अंतरावर आहे.

उलटी_तबकडी:
हातभर अंतरावरच तर नको आहे मला. 'मार्सी'च्या शेवटी ती लांबच जायला हवी.