रोजच्या बोलण्यातले इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकावेत? (बजेट ५०० रुपये)

गोदाकाठ: व्याकरण बरं आहे, मेल नीट लिहितो. पण अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलताना वाक्प्रचारांपाशी अडतो. परवा ते म्हणाले, 'लेट्स टेबल धिस'. मी लगेच मुद्दा मांडायला लागलो. त्यांना तो पुढे ढकलायचा होता! पुस्तक, ॲप, काहीही सुचवा. ५०० च्या आत.

सह्यकडा: सरळ क्लास लावा. मी २२ हजार भरले, तीन महिन्यांत बोलायला लागलो. पैसे वसूल.

मधुमालती: अहो, ते ५०० म्हणताहेत. केंब्रिजचं 'इंग्लिश इडियम्स इन यूज' बघा. डाव्या पानावर अर्थ, उजव्या पानावर सराव, उत्तरं शेवटी. मी अप्पा बळवंत चौकातून जुनी प्रत घेतली.

निवृत्त_मास्तर: 'टेबल'मध्ये तुमची चूक नाही. ब्रिटिश इंग्रजीत त्याचा अर्थ चर्चेला घेणं, अमेरिकेत बरोबर उलटा. आधी कुठलं इंग्रजी हवं ते ठरवा. 'स्टिकी विकेट' (अडचणीची परिस्थिती) क्रिकेटमधला, तो अमेरिकन माणसाला कळेलच असं नाही. 'बॉलपार्क फिगर' बेसबॉलमधला, म्हणजे ढोबळ आकडा. मुसळधार पावसाला मात्र 'कॅट्स अँड डॉग्ज' दोन्हीकडे चालतं.

जर्सीची_मावशी: मास्तर, मी न्यू जर्सीत १८ वर्षं आहे. ते एकदाही कानावर आलं नाही. सगळे 'इट्स पोअरिंग' म्हणतात.

सह्यकडा: आमच्या सरांनी तर पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चुकीचं कसं असेल?

जर्सीची_मावशी: चुकीचं नाही हो, जुनं झालंय.

पाटीपेन्सिल: बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'द इंग्लिश वी स्पीक' ऐका. फुकट आहे. तीनेक मिनिटांत एकच वाक्प्रचार. शेजारी मराठी लिहा: 'बाइट द बुलेट' म्हणजे मन घट्ट करणं.

मधुमालती: मराठी जोडी लावत बसलात की बोलताना आधी मराठी आठवतं. माझं दोन वर्षं तेच झालं. अख्खं वाक्य लिहा.

कोकणमेवा: बीबीसी ऐका, फुकट आहे.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. मास्तर, 'टेबल'चा घोळ आज सुटला. पण पुस्तक, क्लास, बीबीसी काहीच नको असं ठरवलंय. आमच्या मीटिंगांची रेकॉर्डिंग्ज आहेत, तीच पुन्हा ऐकणार. जे अडेल ते अख्ख्या वाक्यासकट वहीत, कोण कुणाला म्हणालं तेही. ४० रुपयांची वही आणली. पहिली नोंद: 'लेट्स सर्कल बॅक ऑन दॅट', याचं नंतर बघू. एका तासात चारदा आलं.